जीप उंच करताय? आधी आख मोजा!

मृगाच्या चार दमदार सरी पडल्या की काळ्या रानातल्या वाटेचे रूप पालटते. कालपर्यंत धुरळा उडवणारी गाडवाट आज चाकाला मेणासारखी चिकटते. ट्रॅक्टर जातो, त्याच्या मागे खोल चाकोरी पडते. त्या चाकोरीत आपली जीपगाडी उतरली की खालून खरवडल्याचा आवाज येतो आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात धस्स होते. मग घरातला तरुण मुलगा म्हणतो, ‘‘आबा, गाडी चार इंच उंच करून घेऊ. तालुक्याला करून देतात.’’

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा लेख त्या चार इंचांविषयी आहे.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव दूरवर गेले. पण डांबरी रस्ता सोडून दोन शेते ओलांडली की तिथे कपाशी, तूर, बाजरी आणि मोसंबीचेच राज्य आहे. इथल्या माणसाची जीप सकाळी शेतावर जाते, दुपारी खत-बियाणे आणते आणि रात्री-अपरात्री घरातले कोणी आजारी पडले तर त्याला घेऊन घाटी दवाखान्याकडे धावते. तिचा एक पाय काळ्या मातीत आणि दुसरा डांबरावर असतो. मातीसाठी केलेला बदल डांबरावर नडणार नाही ना, हे म्हणूनच आधी पाहावे लागते. ज्याची गाडी फक्त रानात फिरते त्याचा हिशेब वेगळा, आणि जिच्यात लेकराबाळांसह सगळे घर बसते तिचा हिशेब वेगळा.

खेड्यात बोलेरो असो, थार असो की जिम्नी, आपण सगळ्यांना जीपच म्हणतो. या लेखातही तसेच म्हणू.

आधी बैलगाडी आठवा

गाडी उंच करणे म्हणजे काय, हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. खाली दोन चाके, चाकांमधून गेलेला आख आणि आखावर ठेवलेला साठा. आता साठ्याखाली चार बोटांचे ठोकळे घातले तर साठा उंच होईल. पण आख? आख होता तिथेच राहील. तो चाकाच्या मध्यावर बसलेला आहे. चाक मोठे केल्याशिवाय आख वर जाणार नाही.

जीपचेही नेमके असेच आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप पुढे-मागे अखंड आखावर आणि पाट्यांवर उभी होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि तेव्हापासून ही रचना आपल्या मिस्त्री लोकांच्या हाताखालून गेली आहे. २००० साली आलेल्या बोलेरोत पुढची चाके वेगवेगळी हलतात आणि कॉइल स्प्रिंगवर आहेत, पण मागे अजून अखंड आख आणि पाटेच आहेत. त्या आखाच्या मध्यावर जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असते. बहुतेक वेळा गाडीचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग हाच.

आता ध्यानात घ्या. पाटे किंवा स्प्रिंग उंच केल्या की साठा, म्हणजे गाडीचे पोट, वर जाते. आख आणि त्याचा गोळा एक सूतभरही वर जात नाही. गाडी बाहेरून उंच दिसते, शेजारी कौतुक करतात, आणि चाकोरीतला गोळा मात्र पूर्वीसारखाच घासत राहतो. सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

नेमके काय घासते?

मिस्त्रीकडे जाण्याआधी गाडीखाली वाका. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा. कुठे ताजे ओरखडे आहेत, कुठे माती चोपून बसली आहे, ते पाहा. गाडी स्वतःच सांगते.

गोळ्यावर आणि मागच्या आखावर ओरखडे असतील तर तुमची अडचण चाकोरीची आहे. ट्रॅक्टरची चाके मोठी असतात, ती खोल जातात आणि मध्ये मातीचा उंच वरंबा सोडतात. तो वरंबा गोळ्याला लागतो.

पायरीवर, चेसीच्या मधल्या भागावर किंवा सायलेन्सरच्या नळीवर ओरखडे असतील तर अडचण बांधाची आहे. पुढची चाके बांध ओलांडून गेली, मागची अजून यायची आहेत आणि पोट बांधावर टेकले. इथे दोन चाकांमधले लांबीचे अंतर जितके जास्त तितकी अडचण जास्त. बोलेरोचे हे अंतर २६८ सेंटिमीटर आहे, २०२० साली आलेल्या तीन दरवाजांच्या थारचे २४५. म्हणून ज्या बांधावर बोलेरो टेकते, तो थार ओलांडून जाते.

पुढचा बंपर किंवा मागची हूक घासत असेल तर अडचण ओढ्याच्या उताराची आहे. गाडी खाली उतरताना नाक टेकते आणि वर चढताना शेपूट.

बांध आणि ओढा या दोन अडचणींवर साठा उंच करण्याचा उपयोग होतो. चाकोरीच्या अडचणीवर होत नाही. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी कित्येकांचे पैसे वाचतील.

एक हिशेब करून पाहू. कंपनीच्या आकड्याप्रमाणे बोलेरोचा तळ जमिनीपासून १८० मिलिमीटर, म्हणजे १८ सेंटिमीटर वर आहे. जिम्नीचा २१०, नव्या थारचा २२६ मिलिमीटर. समजा तुमच्या वाटेवरची चाकोरी २२ सेंटिमीटर खोल आहे. म्हणजे गोळा मधल्या वरंब्यात ४ सेंटिमीटर रुतणार. पाटे ५ सेंटिमीटर उंच केले, गोळा अजून १८ वरच. तो तेवढाच रुतणार. आता घरातली कुदळ घेतली आणि वरंब्याचा माथा ५ सेंटिमीटर ताशीत गेले, तर गाडी न घासता जाईल. कुदळीचा एक दिवस की पाट्यांचा खर्च, हे ज्याने त्याने ठरवावे.

गाडी उंच करायची, की बसलेली उठवायची?

पुष्कळ जीपा मुळात ठेंगण्या नसतात. त्या वर्षानुवर्षे ओझे वाहून खाली बसलेल्या असतात. खताची पोती, दुधाच्या कॅन, कापसाचे गाठोडे आणि लग्नसराईत दहा-बारा माणसे. पाट्याची कमान हळूहळू सपाट होते आणि मालकाला वाटते, आपली गाडीच ठेंगणी.

हे तपासायला एक टेप पुरे. गाडी सपाट फरशीवर उभी करा. हवा बरोबर भरा. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत अंतर मोजा. चारही चाकांचे आकडे वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची झीज मध्ये येते. मग नेहमीचे ओझे भरून पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात बोटाच्या रुंदीहून अधिक फरक असेल, किंवा त्याच नमुन्याच्या नव्या गाडीपेक्षा तुमचा आकडा बराच कमी भरत असेल, तर पाटे बसले आहेत किंवा एखादा तुटला आहे.

अशा गाडीला कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॉकअप घातले की हरवलेली उंची परत येते. यात कायद्याची अडचण नाही, विम्याची नाही. गाडी जशी जन्मली तशी झाली, एवढेच. काही जण जुन्याच पाट्यांना कमान मारून घेतात. ते काम थंड स्थितीत ठोकून जाणत्या माणसाने केले तर काही काळ टिकते. पण पाटा भट्टीत लाल करून वाकवला आणि त्याला पुन्हा नीट पाणी दिले नाही, तर तो एकतर मऊ पडतो किंवा काचेसारखा तडकतो. विळ्याला पाणी देणे म्हणजे काय, हे आपल्या गावच्या लोहाराला विचारा. पाट्याचे पोलादही त्याच जातीचे असते.

चाकाचा हिशेब

आख वर न्यायचा तर चाक मोठे हवे, हे बैलगाडीने सांगितलेच. पण इथेही पदरात किती पडते ते पाहा. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५ मापाचा असतो. त्याची एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर ती सुमारे ७३३ होते. तीस मिलिमीटरचा फरक, पण त्यातला अर्धाच आखाच्या खाली असतो. म्हणजे गोळा वर गेला फक्त दीड सेंटिमीटर.

त्या दीड सेंटिमीटरची किंमतही मोजावी लागते. इंजिनवर ओढ वाढते. काट्यावर ६० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ६२-६३च्या वेगाने धावते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला किंवा चेसीला घासू शकतो. म्हणून कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नये.

टायरच्या उंचीपेक्षा त्याची नक्षी अधिक महत्त्वाची. काळ्या मातीला पाणी लागले की ती फुगते आणि चिकट होते. बारीक नक्षीचा टायर दोन फेऱ्यांत मातीने भरून गुळगुळीत होतो आणि मग जागच्या जागी फिरत राहतो. रुंद खाचांचा टायर फिरताना माती झटकून टाकतो. ज्याची जीप चिखलात घसरते, त्याला उंचीची नव्हे, पकडीची गरज आहे. गाडी कितीही उंच केली तरी पकड वाढत नाही.

उंच करण्याच्या वाटा

आता समजा, तुम्ही खाली वाकून पाहिले, पाटे चांगले आहेत, टायर योग्य आहेत, आणि तरी रोजच्या वाटेवर बांध किंवा ओढा आहेच. अशा वेळी थोडी उंची वाढवण्यात अर्थ आहे. बाजारात त्याच्या अनेक वाटा सांगतात. त्यांचे गुणदोष असे:

पहिली वाट चकत्यांची. कॉइल स्प्रिंगच्या वर किंवा खाली जाड चकती बसवतात. स्वस्त आणि झटपट काम. स्प्रिंग तीच राहते, म्हणून बसण्याच्या सुखात फार फरक पडत नाही. पण शॉकअप जुन्याच लांबीचा असेल तर खड्ड्यात चाक लोंबले की तो ताणून शेवटाला जातो आणि लवकर निकामी होतो.

दुसरी वाट पाट्याखालच्या ठोकळ्याची. आख आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. मागच्या आखावर छोटा, चांगल्या घडणीचा ठोकळा चालतो. पुढच्या आखावर ठोकळा कधीही घालू नये. ब्रेक मारताना तो सरकला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि लाकडाचा ठोकळा तर कुठेच नको.

तिसरी वाट लांब शॅकलची. पाट्याचे एक टोक ज्या दुव्याला टांगलेले असते तो दुवा लांब करतात. दुवा दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच उचलते. शिवाय आखाचा कल बदलतो. जुन्या जीपला पुढेही पाटे असतात. तिथे हा प्रयोग केला तर सरळ रस्त्यावर गाडी भटकू लागते.

चौथी वाट जास्तीच्या पाट्याची. एक पाटा वाढवला की उंची मिळते आणि ओझेही पेलते. पण रिकामी गाडी दगडासारखी उडते. घरात गरोदर सून किंवा कंबरदुखीची आजी असेल तर हा पाटा त्यांच्या पाठीवर बसला असे समजा.

पाचवी वाट टॉर्शन बार आवळण्याची. २०१० ते २०२० या काळातल्या काही थार गाड्यांना पुढे असे बार होते. नट आवळला की नाक वर येते, खर्च जवळजवळ नाही. पण चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. त्यामुळे खड्ड्यात गाडी आपटते आणि पुढच्या आखाच्या सांध्यांची रबरी टोपणे लवकर फाटतात.

सहावी वाट म्हणजे पूर्ण जोड. योग्य उंचीच्या नव्या स्प्रिंग किंवा पाटे, त्यांच्याच लांबीला जुळणारे शॉकअप, आणि लागतील तिथे लांब ब्रेकच्या नळ्या. ही सर्वांत महाग. पण गाडी घरच्यांसाठीही वापरायची असेल तर निवडण्याजोगी हीच. पैसे आज नसतील तर वर्षभर थांबावे. तोडगे करत बसू नये.

स्प्रिंगचा कडकपणा निवडताना वर्षातल्या सर्वांत जड दिवसाचा विचार करू नका, रोजच्या दिवसाचा करा. रोज दोन माणसे आणि दोन कॅन असतील तर त्या हिशेबाची स्प्रिंग घ्या. दहा पोत्यांसाठी ट्रॉली आहेच.

दीड इंच, फार तर दोन

किती उंच करावी? घरच्या जीपला दीड इंच, फार तर दोन इंच, म्हणजे ४० ते ५० मिलिमीटर. अति तेथे माती ही म्हण इथे शब्दशः खरी होते.

कारण पाहा. गाडीच्या सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून जितका वर, तितकी ती कलंडायला सोपी. उसाने उंच भरलेली गाडी आणि रिकामी गाडी एकाच वळणावर कशा वागतात, हे तुम्हाला सांगायला नको. समजा डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि वजनाचा मध्य ७० सेंटिमीटरवर. अशी उभी गाडी कागदावरच्या हिशेबाने ४५ अंशांपर्यंत कलली तरी परत सावरते. मध्य ५ सेंटिमीटर वर गेला की हा आकडा ४३वर येतो. १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच वर गेला की ४१वर. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर दबतात, माणसे एका बाजूला झुकतात, त्यामुळे गाडी याच्या कितीतरी आधी उलटते. बांध तिरका ओलांडताना, किंवा पैठण रस्त्यावर अचानक आडव्या आलेल्या दुचाकीला चुकवताना, हे दोन-चार अंशच घरादाराचे रक्षण करतात. त्यातून टपावरच्या कॅरिअरवर सामान बांधले असेल तर विचारूच नका.

दुसरे कारण सांध्यांचे. गिअरबॉक्सपासून मागच्या गोळ्यापर्यंत जो दांडा जातो, त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. साठा उंच झाला की दांड्याचा उतार वाढतो. दीड-दोन इंचांपर्यंत सांधे बहुधा ते सहन करतात. पुढे गेलात की गाडी ठराविक वेगाला थरथरते आणि सांधे खातात.

ऑस्ट्रेलियात मोठमोठ्या शेतांवर अशा उंच केलेल्या गाड्या सर्रास दिसतात. पण तिथल्या राज्यांनीही किती मिलिमीटर उचलता येईल याची मर्यादा घातली आहे. त्यापुढे इंजिनिअरचा दाखला लागतो.

ब्रेक, दिवे आणि घरची माणसे

उंच केलेल्या गाडीचे तीन बारीक तपास करायलाच हवेत.

एक, ब्रेकच्या नळ्या. गाडीचे एक पुढचे चाक फूटभर उंच दगडावर चढवा आणि दुसऱ्या बाजूचे लोंबलेले चाक पाहा. रबरी नळी ताणलेली दिसली तर गाडी तशी बाहेर काढू नका. मालवाहू पिकअपसारख्या काही गाड्यांत मागच्या आखाला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग किती दबला आहे यावरून तो ओझे ओळखतो आणि मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. मागचा भाग उंच केला आणि हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवला नाही, तर भरलेल्या गाडीलाही तो रिकामी समजतो. मागचा ब्रेक कमी लागतो. मिस्त्रीला हे आवर्जून विचारा.

दोन, दिवे. पुढचा भाग उंच झाला की दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री समोरून येणारा आपल्याच गावचा माणूस असतो. उंच करण्याआधी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून झोताच्या वरच्या कडेची खडूने खूण करा. काम झाल्यावर त्याच जागी, तेवढ्याच ओझ्याने उभी करा. दिव्यांची जागा जेवढी वर गेली, तेवढीच झोताची कड वर गेली पाहिजे. जास्त गेली तर झोत खाली घ्या.

तीन, पायरी. दोन इंच आपल्याला काहीच वाटत नाहीत. लुगडे नेसलेल्या सासूबाईंना आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांना ते पुष्कळ असतात. पायरी खाली घेतली तर ती बांधावर घासते. तेव्हा आत हाताने धरायला भक्कम मूठ बसवा आणि एक लाकडी पाट गाडीत ठेवा.

काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, आणि हजारांनंतर आणखी एकदा. पाट्यांच्या मध्ये काळी माती अडकली की ओल धरून ठेवते आणि गंज चढतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाट्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशीलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-ए नव्याने लिहिले गेले. त्याप्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

‘‘सगळेच करतात’’ हे उत्तर चौकीत चालत नाही, आणि विमा कंपनीपुढे तर मुळीच चालत नाही. अपघात झाला आणि गाडीत न कळवलेला बदल सापडला, तर भरपाई अडण्याची भीती असते. गाडी नवी असेल तर कंपनीची हमीही धोक्यात येते. म्हणून मूळ मापाचे सुटे भाग सोडून दुसरे काहीही बसवायचे असेल, तर आधी संभाजीनगरच्या आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. उत्तर लेखीच घ्या आणि ते गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. नकार आला तर मूळ मापाचे नवे पाटे, चांगली नक्षी आणि कुदळ हाच मार्ग.

वाफसा आणि वाट

पेरणीला आपण वाफशाची वाट पाहतो. ओल्यात वखर घालत नाही. मग गाडी का घालतो? जड पाऊस झाल्यावर काळ्या वाटेवर पहिला दिवस गाडी न नेणे, ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे. ओल्या वाटेवर गेलेल्या एका गाडीची चाकोरी वाळून दगड होते आणि वर्षभर सगळ्यांच्या गाड्यांना नडते.

जाणे भागच असेल तर टायरमधली हवा एक तृतीयांश कमी करा. टायर पसरतो, कमी रुततो. अगदी हळू जा, झटक्याने वळू नका आणि डांबरावर चढण्याआधी पंपाने हवा पूर्ववत भरा. पंप गाडीत नसेल तर हवा काढूच नका.

आणि शेवटी वाटेचाच विचार करा. दहा घरांनी दहा जीपा उंच करण्यापेक्षा दहा घरांनी मिळून एका वाटेवर मुरूम टाकला तर सगळ्यांचे काम होते. ट्रॅक्टरचेही, बैलगाडीचेही, शाळेत जाणाऱ्या मुलींचेही. शेताला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चा आधार आहे. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली होती. आज कोणत्या योजनेतून काम होऊ शकते, हे ग्रामसभेत विचारा आणि ठराव लिहून घ्या.

मिस्त्रीला विचारायचे सात प्रश्न

१. माझ्या गाडीचे नेमके काय घासते, ते खाली वाकून दाखवता का?

२. पाटे बसले आहेत का? मूळ मापाचे नवे घातले तर किती उंची परत येईल?

३. नव्या उंचीला जुळणारे शॉकअप यात आहेत का?

४. ब्रेकच्या नळ्या आणि मागचा व्हॉल्व्ह तपासणार का?

५. मागच्या दांड्याचा उतार किती वाढेल?

६. अलाइनमेंट आणि दिव्यांची जुळणी याच कामात धरली आहे का?

७. काढलेले जुने पाटे आणि स्प्रिंग मला परत देणार का?

सातव्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. जुने भाग घरी असले तर बदल मानवला नाही तरी गाडी पूर्ववत करता येते.

या प्रश्नांना जो मिस्त्री शांतपणे उत्तरे देईल, त्याच्याकडेच गाडी द्या. जो म्हणेल, ‘‘चार इंच करू, एकदम झकास दिसेल,’’ त्याला रामराम करा. गाडी कशी दिसते हे लोक पाहतील. ती उलटू नये, हे आपल्यालाच पाहायचे आहे. तेव्हा या पावसाळ्याच्या आधी एक काम जरूर करा. टेप घ्या, गाडीखाली वाका आणि आख मोजा.